पाटी गॅलरीवर, कुलूप स्वच्छतागृहाला

डिसेंबर २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय क्रीडा संकुलाचे नाव राज्यभर गाजले. कारण विक्रम नव्हता, चोरी होती. संकुल समितीच्या बँक खात्यातून २१ कोटी ५९ लाख रुपये लंपास झाल्याचे उघडकीस आले. महिना तेरा हजार पगाराच्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याने खात्याला जोडलेला ई-मेल पत्ता बदलून घेतला, नेट बँकिंग सुरू करून घेतले आणि पैसे परस्पर वळवले, असा पोलिसांचा आरोप आहे. पुढचे आठ-दहा दिवस वाचकांना बीएमडब्ल्यू गाडी, आलिशान फ्लॅट आणि खरेदीच्या याद्या वाचायला मिळाल्या.

चोरीची चर्चा झाली ते ठीकच. पण त्याआधीचा प्रश्न तसाच राहिला. एका क्रीडा संकुलाच्या खात्यात वीस कोटींहून अधिक रक्कम होती आणि ती हळूहळू निघून गेली तरी बराच काळ कोणाचे काही अडले नाही. घरखर्चाच्या पाकिटातून शंभराची नोट गेली तरी संध्याकाळपर्यंत बोभाटा होतो, कारण त्या नोटेवर कोणाचे तरी दूध, कोणाचा तरी बसपास अवलंबून असतो. इथे कोणाचा नळ बंद पडला नाही, कोणत्या माळ्याचा पगार थकला नाही, कोणता दिवा विझला नाही. म्हणजे त्या पैशाचा आणि मैदानावरच्या रोजच्या गरजांचा काही संबंधच नसावा, असे वाटले तर चूक कोणाची?

महाराष्ट्रात खेळाच्या सोयींसाठी पैसा नाही, ही तक्रार सवयीने केली जाते. ती अर्धीच खरी आहे. २०२२ मध्ये राज्य सरकारने संकुलांच्या अनुदानाची मर्यादा भरघोस वाढवली. तालुका संकुलासाठी एक कोटीची मर्यादा पाच कोटी झाली, जिल्हा संकुलाची आठ कोटींवरून पंचवीस कोटी आणि विभागीय संकुलाची चोवीस कोटींवरून पन्नास कोटी. राज्यात साडेतीनशेच्या वर तालुके आहेत. शिवाय जिल्हा वार्षिक योजनेतून क्रीडांगण विकास आणि व्यायामशाळा विकास अशी वेगळी अनुदाने मिळतात. आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला पाच कोटी मिळतात. विधानसभेचे २८८ सदस्य धरले तर ही रक्कम १,४४० कोटी होते. तीत रस्ते, समाजमंदिरे, गटारे सगळे येते, हे खरे. तरी गावोगावच्या मैदानांच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या लोखंडी खुल्या व्यायामशाळा पाहिल्या, तर खेळाच्या वाट्याला काहीच येत नाही असे म्हणता येत नाही. त्या प्रत्येक यंत्रावर नाव रंगवलेले असते. यंत्राचे बेअरिंग गेले की ते बदलणाऱ्याचे नाव मात्र कुठेच नसते, कारण बदलणाराच नसतो.

गोम इथे आहे. मैदानावर जे एकाचे म्हणून दाखवता येते त्याला पैसा मिळतो आणि जे सगळ्यांचे असते ते उपाशी राहते. प्रेक्षक गॅलरीची कोनशिला बसवता येते, प्रवेशद्वाराच्या कमानीवर नाव कोरता येते, बहुउद्देशीय सभागृहाचे लोकार्पण करता येते. पाण्याच्या टाकीचे, कपडे बदलण्याच्या खोलीचे, पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या चराचे लोकार्पण कोणी पाहिले आहे? मैदानाखालची निचऱ्याची व्यवस्था तर जमिनीत गाडलेली असते. तिच्यावर पाटी लावायची कुठे?

सामाईक सोय म्हणजे नेमके काय, हे एकदा मोजून पाहण्यासारखे आहे. कबड्डीचे पुरुषांचे मैदान १३ बाय १० मीटर, महिलांचे १२ बाय ८. खो-खोचे २७ बाय १६. व्हॉलीबॉलचे १८ बाय ९. ही चारही मैदाने आखली आणि भोवतीची मोकळी जागा सोडली, तरी क्रिकेटच्या मैदानाचा एक कोपराही पुरता भरत नाही. महाराष्ट्रातले बहुतेक आवडते खेळ जागेच्या बाबतीत असे गरिबाघरचे आहेत. जागेवरून भांडण होण्याचे फारसे कारण नाही. भांडण होते ते या चार मैदानांना मिळून जे एकच असते त्यावरून: एक नळ, एक स्वच्छतागृह, एक दिव्यांचा खांब, एक साहित्याची खोली आणि एक माळी.

साहित्याच्या खोलीचेच घ्या. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताने पुरुष व महिला अशी दोन्ही विजेतेपदे मिळवली. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. हे सामने मॅटवर झाले, आणि कबड्डी तर कधीचीच मातीवरून मॅटवर गेली. मॅट म्हणजे एकमेकांत अडकवायचे रबरी फोमचे तुकडे, साधारण मीटरभर लांबी-रुंदीचे. पुरुषांच्या एका कबड्डी मैदानाला नुसत्या रेषांच्या आत असे १३० तुकडे लागतात. रोज संध्याकाळी ते अंथरायचे, पुसायचे, सरावानंतर उचलून थप्पी लावायची. पावसात भिजले की कडा फुगतात, उन्हात राहिले की वळतात, आणि उंदीर त्यांना सोडत नाहीत. अनुदानातून मॅट येते, पण ती ठेवायला कोरडी, उंचावरची, कुलूपबंद खोली मिळत नाही. मग ती कोण्या पदाधिकाऱ्याच्या गाळ्यात जाते आणि त्यांची स्वारी गावाला गेली की सराव बंद. जगज्जेत्या खेळाची तयारी अशा एका किल्लीवर अडते, हे ऐकायला गमतीचे आहे. रोज त्यात अडकणाऱ्यांना ती गंमत वाटत नाही.

पूर्वी हे कसे चालत असे? कोल्हापूरकडे पाहिले तर थोडेफार कळते. राजर्षी शाहू महाराजांनी खासबागचे कुस्ती मैदान बांधून घेतले, ते १९१२ मध्ये पुरे झाले. युरोपच्या दौऱ्यात त्यांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले होते. त्यावरून मधोमध आखाडा आणि चहूबाजूंनी वर चढत जाणारी बैठक अशी रचना झाली. मधे खांब नाही, आडोसा नाही. कोणत्याही कोपऱ्यातल्या माणसाला तीच कुस्ती तशीच दिसावी, असा हिशेब. राजाने भव्य वास्तू बांधली, पण कुस्ती जगली ती पेठापेठांतल्या तालमींवर. तालमीचा हौदा हे फार खर्चिक प्रकरण नाही, मात्र रोज राबवून घेणारे आहे. लाल माती चाळायची, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू मिसळायचे, रोज खोऱ्याने उलथायची, पाणी बेताने शिंपायचे. दोन आठवडे हयगय झाली की माती दगड होते. हे काम पोरे स्वतः करत आणि खर्च पेठ उचलत असे. तालमीत आलेल्या पोराच्या हातात पहिल्या दिवशी खोरे येते, डाव नंतर शिकवला जातो. सोय सांभाळणे हा तिथे खेळाचाच भाग आहे.

त्याच कोल्हापुरात तालमींचे फुटबॉल संघ झाले. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावे उच्चारली तरी तिथल्या माणसाचा आवाज चढतो. वरिष्ठ गटाचे सोळा संघ एकाच शाहू स्टेडियमवर हंगामभर खेळतात. एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या पेठा एका वेळापत्रकाखाली नांदतात, ही सामाईक मैदानाची मोठी शाबासकी म्हणावी लागेल. पण सरावाचे काय? शिवाजी पेठेतले गांधी मैदान पाहावे. ते जुन्या वरुणतीर्थ तळ्याच्या जागी झाले आहे. तळे माणसे विसरली, पाणी विसरले नाही. पावसाळ्यात तिथे पुन्हा तळे होते आणि वर सांडपाणीही येऊन मिळते. या मैदानासाठी घोषणा कमी झाल्या नाहीत. त्याला आधी हवा होता तो जमिनीखालचा निचरा. तो झाल्याशिवाय वर काहीही बांधले तरी ते चिखलातच उभे राहणार.

मुंबईत पाण्याऐवजी धूळ आहे. १९२५ मध्ये माहीम पार्क म्हणून सुरू झालेले आणि १९२७ मध्ये शिवरायांचे नाव मिळालेले शिवाजी पार्क म्हणजे सामाईक मैदानाचा महाराष्ट्रातला एक जुना आणि गजबजलेला प्रयोग. क्रिकेटच्या खेळपट्ट्या, समर्थ व्यायाम मंदिराचा मल्लखांब, आजी-आजोबांचे कट्टे, कडेने चालणारे हजारो पाय, आणि वर्षातले ४५ दिवस खेळाव्यतिरिक्तच्या कार्यक्रमांसाठी राखीव. इतक्यांनी वापरलेल्या मैदानावर गवत टिकायचे कसे? लाल माती उडून भोवतालच्या घरांत शिरते म्हणून रहिवासी वर्षानुवर्षे ओरडत आहेत. पालिकेने पाणी साठवण्यासाठी विहिरी घेतल्या, तुषार सिंचन बसवले, तज्ज्ञ आणले. उन्हाळा आला की धूळ पुन्हा हजर. यंत्रणा बसवण्याचा ठेका निघतो, पण रोज ठरल्या वेळी पाणी मारणाऱ्या माणसाचा बंदोबस्त होत नाही. सभेनंतर खड्डे कोणी आणि किती दिवसांत बुजवायचे, याचा जाब नेमका कोणाला विचारायचा तेही धूसर राहते.

यावर एक तोडगा मुंबईने करून पाहिला: मैदाने दत्तक द्यायची. काही ठिकाणी तो झकास जमला. ओव्हल मैदानासाठी तिथल्या रहिवाशांची संस्था न्यायालयापर्यंत गेली आणि मैदानाला पुन्हा रूप आले. नेपियन सी रोडचे प्रियदर्शिनी पार्क नागरिकांच्या संस्थेने सांभाळले, तिथे धावपटू घडले. पण याच धोरणाच्या आडून काही भूखंडांवर क्लब उभे राहिले, सदस्यत्वाचे दर लागले आणि जी जागा सर्वांची होती तिच्या फाटकावर रखवालदार आला. जानेवारी २०१६ मध्ये दत्तक धोरण पालिकेत मंजूर झाले, गदारोळ उठला, मुख्यमंत्र्यांनी स्थगिती दिली आणि दिलेले भूखंड परत घेण्याची मोहीम सुरू झाली. २०२३ मध्ये नवा मसुदा आला, पुन्हा विरोध झाला, पुन्हा तो बाजूला पडला. दोन्ही वेळा विरोध करणाऱ्यांची भीती रास्त होती. फक्त त्यांनी आणि पालिकेने मिळून उरलेला अर्धा प्रश्न वाऱ्यावर सोडला. परत घेतलेल्या मैदानाचा माळी कोणाच्या पगारावर?

दत्तक घेणाऱ्यांना झोडपणे सोपे आहे. सरकारी ताब्यातल्या संकुलांची गत काय? जून २०२१ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत, १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभ्या राहिलेल्या शिवछत्रपती क्रीडानगरीत, नेत्यांच्या गाड्या थेट धावपट्टीच्या जागेत जाऊन उभ्या राहिल्या. छायाचित्रे फिरली, खात्याला दिलगिरी व्यक्त करावी लागली. ज्या सिंथेटिक पट्टीवर खेळाडूला विशिष्ट खिळ्यांचेच बूट चालतात, तिथे मोटारीची चाके! सरकारी ताबा म्हणजे आपोआप सर्वांचा ताबा, हा समज त्या दिवशी तरी गळून पडायला हवा होता.

आणि ज्यांच्यासाठी हे सारे बांधायचे ती मुले कुठे असतात? तालुक्याच्या गावी पहाटे साडेचार-पाचला घराबाहेर पडून पाहावे. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे-पोरी रस्त्यावर धावत असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. यासाठी लागते काय? सपाट आखलेली पट्टी, चार दिवे, गोळा टाकायला मोकळी जागा, पाणी, आणि मुलींसाठी आतून कडी लागणारे स्वच्छतागृह. तालुका संकुलात यातले निम्मेअधिक कागदावर असते, पण फाटक उघडणारा माणूस उजाडल्यावर येतो. १९ जानेवारी २०२५ च्या पहाटे बीड जिल्ह्यात घोडका राजुरीजवळ महामार्गाकडेला सराव करणाऱ्या तरुणांना एसटी बसने उडवले. तिघे गेले. भरतीची तयारी करणारे होते. त्या बातमीनंतर चालकाची, वेगाची, धुक्याची चर्चा झाली. या वयाच्या मुलांना धावायला महामार्ग का लागतो, याची फारशी झाली नाही.

स्वच्छतागृहाचा मुद्दा नुसता सोयीचा नाही. बाराव्या-तेराव्या वर्षी मुली मैदान सोडतात तेव्हा घरच्यांच्या विरोधाकडे बोट दाखवले जाते. विरोध असतोही. पण आईला पोरीची काळजी वाटते ती नेमक्या कशाची, ते विचारले तर उत्तर व्यावहारिक मिळते: तिथे जायला जागा नाही, कपडे बदलायला आडोसा नाही, सातनंतर अंधार असतो. तीन दारे आणि दोन दिवे यांनी जेवढ्या मुली मैदानावर टिकतील, तेवढ्या एखाद्या पुरस्काराच्या घोषणेने टिकणार नाहीत. बांधलेले स्वच्छतागृह बहुधा असतेच. त्याला कुलूप असते, कारण साफ करणारा नाही.

इथे निधीच्या नियमांचा तिढा येतो. खासदार निधीतून टिकाऊ सार्वजनिक मालमत्ता उभारता येते, दरमहा येणारा खर्च करता येत नाही. आमदार निधीचा बाजही तसाच. त्यामागचा विचार वाईट नाही. पगार आणि बिले यांत निधी मुरू नये, हा हेतू. परिणाम मात्र असा होतो की स्वच्छतागृह बांधायला दहा लाख सहज मिळतात आणि ते धुवायला महिन्याला पाच हजार कुठूनही मिळत नाहीत. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीची गोष्ट थोडी वेगळी. ठरावीक उलाढाल, मालमत्ता किंवा नफा असलेल्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावेत, असे २०१३ चा कंपनी कायदा सांगतो. त्याच्या सातव्या परिशिष्टात ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त, पॅरालिम्पिक आणि ऑलिम्पिक खेळांच्या चालनेसाठी ‘प्रशिक्षण’ हा शब्द आहे. म्हणजे प्रशिक्षकाचे मानधन देण्यास कंपनीला पूर्ण वाव आहे. कंपन्या देतात काय, तर स्पर्धेचे टी-शर्ट आणि मोठा फलक. त्यांना कोणी दुसरे काही मागितलेले नसते, हेही तितकेच खरे.

वाईट वाटते ते याचे की लोकवर्गणीवर खेळ उभे करण्याची महाराष्ट्राची परंपरा चांगली जुनी आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची १९१४ ची सुरुवात वैद्य बंधूंच्या घरगुती उत्साहातून झाली आणि १९३६ मध्ये त्यांची माणसे बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून आली. १९५२ मध्ये खाशाबा जाधव हेलसिंकीला गेले ते लोकांनी गोळा केलेल्या पैशांवर. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी त्यासाठी घर गहाण टाकले होते. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक असे वर्गणीतून आले. आणि त्याच खाशाबांच्या गोळेश्वर या गावी कुस्ती संकुल बांधण्याची घोषणा २००९ मध्ये झाली, २०१३ मध्ये निधीही मंजूर झाला, तरी २०१७ मध्ये त्यांच्या मुलाला जाहीर करावे लागले की संकुलासाठी वडिलांचे पदक लिलावात काढतो. त्यानंतर हालचाल झाली. पदक विकायला काढल्याशिवाय फाइल हलत नसेल, तर ज्या गावाकडे पदक नाही त्याने काय काढायचे?

मग करायचे काय? पहिली गोष्ट खर्चाच्या क्रमाची. संकुलाला मंजुरी देताना आधी निचरा, पाणी, स्वच्छतागृहे, दिवे, साहित्याची खोली आणि कुंपण, नंतर मैदाने, आणि शेवटी पैसे उरले तर गॅलरी, असा क्रम शासन निर्णयातच घालावा. कामाचे देयक या क्रमानेच निघावे. तालुक्याच्या सामन्याला पन्नास माणसे जमतात. ती बांधावर उभी राहून आनंदाने सामना बघतात.

दुसरी गोष्ट देखभालीची, आणि ती शोधायला परदेशात जायची गरज नाही. राज्यातल्या प्रत्येक सहकारी गृहनिर्माण संस्थेला आदर्श उपविधी सांगतात की बांधकाम खर्चाच्या पाऊण टक्का दरवर्षी दुरुस्ती-देखभालीसाठी आणि पाव टक्का सिंकिंग फंडात टाका. दहा बिऱ्हाडांची सोसायटी हे करते, कुरकुरत का होईना करते. पाच कोटींच्या तालुका संकुलाला हाच नियम लावला तर वर्षाला पाच लाख होतात. महिन्याला चाळीस हजारांच्या थोडे वर. त्यात एक माळी आणि एक सफाई कामगार बसतो. दिवे-पाण्याचे बिल क्लबांच्या माफक शुल्कातून निघू शकते. हे पाच लाख दरवर्षी मागायला लागू नयेत म्हणून मंजूर रकमेतले पाऊण कोटी सुरुवातीलाच ठेव म्हणून बाजूला काढले, तर सात टक्के व्याजानेही सव्वापाच लाख येतात. पाऊण कोटींची गॅलरी कमी झाली म्हणून एकही सामना अडणार नाही. अशी ठेव ठेवली तर तिच्यावर संभाजीनगरसारखा डल्ला पडण्याची भीती आहेच. तिला उपाय साधा आहे: खात्याचा त्रैमासिक उतारा संकुलाच्या फलकावर चिकटवायचा. गणेश मंडळे जमाखर्च भिंतीवर लावतात, तिथे संकुलाला लाजण्याचे कारण काय?

परदेशातही हीच शिस्त दिसते. इंग्लंडमध्ये फुटबॉल फाउंडेशन ही संस्था २००० सालापासून प्रीमियर लीग, फुटबॉल संघटना आणि सरकार यांच्या पैशातून गावोगावची मैदाने उभी करते. कृत्रिम गवताच्या मैदानाला पैसे देताना, ते गवत झिजल्यावर बदलण्यासाठी दरवर्षी रक्कम बाजूला टाकण्याची अट ती घालते. आपल्याकडे सिंथेटिक धावपट्टी बसते त्याच दिवशी ती आठ-दहा वर्षांनी उखडणार हे ठाऊक असते, आणि तरी नवव्या वर्षी सगळे चकित होतात.

तिसरी गोष्ट शुल्काची, आणि इथे मतभेद होतील. सार्वजनिक मैदानावर एक रुपयाही घेऊ नये, असे मानणारे बरेच आहेत. त्यांचा राग कळतो, कारण शहरांत तासाच्या भाड्यावर चालणाऱ्या खासगी टर्फने खेळ हा पाकीट पाहून करायचा धंदा झाला आहे. पण फुकट मैदान हे बऱ्याचदा सर्वांत दांडग्या गटाचे मैदान होते. नोंदणीकृत संघाने हंगामाला ठरावीक रक्कम भरावी, त्याबदल्यात त्याला वेळ लेखी मिळावी. शाळकरी मुले, भरतीची मुले आणि चालणारे लोक यांना काही पडू नये. सकाळी पाच ते आठ आणि संध्याकाळी किमान दोन तास कोणालाही भाड्याने देता येणार नाहीत, असे स्पष्ट लिहावे. लग्ने, सभा, प्रदर्शने यांचे भाडे घेतलेच तर ते मैदानाच्या खात्यातच राहावे, नगरपरिषदेच्या सामान्य निधीत वाहून जाऊ नये. वेळापत्रक ठरवताना आमदार, तहसीलदार आणि क्रीडा अधिकारी यांच्याबरोबर प्रत्यक्ष खेळणाऱ्यांचे, त्यातही मुलींच्या संघांचे, प्रतिनिधी टेबलाशी असावेत.

नवी जागाच नसलेल्या शहरांत शाळांची मैदाने उरतात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान हवे असे लिहिले आहे. ज्या शाळांना ते आहे तिथे संध्याकाळी सहानंतर, रविवारी आणि मे महिनाभर ते ओस पडलेले असते. वस्तीतल्या मंडळांना ते वापरू द्यावे, ही सूचना दरवर्षी होते. मुख्याध्यापक नाही म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे ऐकले तर त्यात अडेलपणा फारसा दिसत नाही: दारूच्या बाटल्या सापडल्या तर जबाबदार कोण, मुलाचा हात मोडला तर विचारणा कोणाला, आणि शिपायाच्या जादा तीन तासांचे पैसे कोण देणार. पहिल्या दोन प्रश्नांसाठी करार आणि विमा करता येतो. तिसऱ्यासाठी महापालिकेच्या अंदाजपत्रकात एक छोटे लेखाशीर्ष लागते. एका शिपायाचे रोजचे तीन तास, महिन्याचे सव्वीस दिवस. एखाद्या प्रभागात अशा चार शाळा धरल्या तरी तो खर्च एका प्रवेशद्वाराच्या कमानीपेक्षा कमी भरेल.